बंद रस्त्यांची बेरीज

प्रति,
मा. श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, तथा पालकमंत्री, गडचिरोली जिल्हा

विषय : पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांसाठी निधीचा व सेवांचा निकष बदलणेबाबत.

महोदय,


विषयाची ओळ सरकारी थाटाची झाली, त्याला इलाज नाही. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात उमेद खर्ची पडली की 'बाबत' लिहिल्याशिवाय पेन पुढे सरकत नाही. पुढचा मजकूर मात्र टिपणीच्या भाषेत लिहिणार नाही.

मी वरोऱ्याचा. इथून भामरागड सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. 'वरोऱ्याच्या माणसाला भामरागडचं काय पडलंय?' असे कोणी विचारलेच, तर २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळी होईपर्यंत भामरागड आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात होते आणि त्याची आबाळही आमच्याच दप्तरात नोंदलेली आहे. शिवाय वरोऱ्याजवळच आनंदवन उभे करून बाबा आमटे १९७३ च्या डिसेंबरात भामरागडजवळच्या हेमलकशाला पोचले आणि लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेव्हापासून आम्हा वरोरेकरांना एक सोयीची सवय लागली आहे. भामरागडचा विषय निघाला की आम्ही म्हणतो, 'तिथं आमटे आहेत ना!' सरकारही बरीच वर्षे मनातल्या मनात हेच म्हणत आले असावे. बाबांचे चिरंजीव प्रकाशभाऊ आणि सूनबाई मंदाताईंनी झाडाखाली दवाखाना मांडला, त्याबद्दल साऱ्या देशाने त्यांना मान दिला आणि तो योग्यच होता. पण एका कुटुंबाने आयुष्य वाहिले म्हणून अंदाजपत्रकातला तेवढा रकाना कोरा ठेवायचा, असा नियम कोणत्याही लेखासंहितेत नाही.

भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात. फेब्रुवारीत पाहाल तर जागा देखणी आहे. जुलैत इंद्रावती फुगते, तिच्या तुंबीने पर्लकोटेचे पाणी मागे सरते आणि जुना ठेंगणा पूल दिसेनासा होतो. नवा उंच पूल बांधायला घेतल्याला बरीच वर्षे झाली. पाणी बाजारपेठेत शिरले की दुकानदार माल माळ्यावर चढवतात. त्यांना आता कोणी सांगावे लागत नाही. हेमलकसा पुलाच्या अलीकडे, तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय पलीकडे. मधले अंतर उणेपुरे तीन किलोमीटर, पण त्या दिवसांत तेवढ्यासाठी सुद्धा नावेची आणि नशिबाची वाट पाहावी लागते. आलापल्लीकडून येणाऱ्या पासष्ट किलोमीटरच्या रस्त्यावरचे नालेही त्याच वेळी चढलेले असतात. लाहेरीच्या पुढे, बिनागुंड्याच्या बाजूला, गुंडेनूरचा नाला आडवा येतो. तालुक्यातली शंभराहून जास्त गावे एका रात्रीत बेटे होतात. समुद्रातल्या बेटाला निदान बोटीचे वेळापत्रक असते.

२०२४ च्या जुलैत एका गरोदर बाईला जेसीबीच्या बकेटात बसवून नाला पार केल्याचे चित्र साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आणि तो हळहळला. ज्याने जेसीबी आणला त्याचे मला कौतुकच वाटते. त्याने अंदाजपत्रकाची वाट पाहिली नाही. जेसीबी नसतो तिथे खाट असते. खाटेला दोर बांधायचे, दोरांतून बांबू ओवायचा, पुढे दोन, मागे दोन खांदे. वाटेत दम लागला की खांदे बदलायला आणखी चौघे सोबत चालतात. म्हणजे एका बाळंतपणासाठी गावातले आठ गडी दिवसभर कामातून जातात. हा खर्च कुठल्याच लेखाशीर्षात दिसत नाही.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा हिशेबाचा आहे.

आपल्या सगळ्या सेवा डोकी मोजून दिल्या जातात. सपाटीला तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी भागात वीस हजारांमागे. उपकेंद्र सपाटीला पाच हजारांमागे, आदिवासी भागात तीन हजारांमागे. ऐकायला सवलत वाटते. पण भागाकार करून पाहू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात एका चौरस किलोमीटरला ३६५ माणसे होती, गडचिरोलीत ७४. तीस हजार माणसे राज्याच्या सरासरीने ८२ चौरस किलोमीटरांत सापडतात. वीस हजार माणसे गोळा करायला गडचिरोलीत २७० चौरस किलोमीटर तुडवावे लागतात. म्हणजे सवलत दिल्यावरही आदिवासी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला तिपटीहून मोठा मुलूख येतो. त्या मुलखात नाले किती आणि पूल किती, याला निकषात जागाच नाही. हे झाले जिल्ह्याच्या सरासरीचे. देसाईगंज आणि भामरागड एकाच सरासरीत घातले की भामरागडचे दुखणे देसाईगंजच्या रेल्वे स्टेशनाखाली झाकले जाते.

ही सरासरी विदर्भाच्या फार जुन्या परिचयाची आहे. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजला, तेव्हापासून आम्ही मुंबईशी भांडतो ते याच मुद्द्यावर. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली, त्यावर भाषणे अजून चालू आहेत. आपण स्वतः नागपूरचे, विरोधी बाकावर असताना अनुशेषावर बोलत आलात. पण मुंबईने नागपूरला सरासरीत बुडवले म्हणून ओरडणारे आम्ही, गडचिरोलीच्या आत तीच सरासरी बिनदिक्कत वापरतो. पुढे केळकर समितीनेही प्रादेशिक असमतोलावर अहवाल दिला. तो अहवाल विधिमंडळात मांडला गेला, चर्चा झाली आणि कपाटात गेला.

अंतर मोजणे सरकारला येत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. निवडणूक आयोगाला ते उत्तम येते. मतदाराला दोन किलोमीटरांपेक्षा जास्त चालावे लागू नये, हा आयोगाचा दंडक आहे आणि त्यासाठी मूठभर मतदारांचेही केंद्र उघडते. १९ एप्रिल २०२४ ला गडचिरोली-चिमूरचे मतदान झाले, तेव्हा दुर्गम केंद्रांवर कर्मचारी आणि यंत्रे हेलिकॉप्टरने पोचवली गेली. तिथे एका मतामागे किती खर्च आला, हे कोणी विचारत नाही आणि विचारूही नये. मतदार दूर राहतो हा त्याचा दोष नाही, हे तत्त्व त्या एका दिवसापुरते आपण सगळे मान्य करतो. दुसऱ्या दिवशी तोच मतदार रुग्ण होतो, विद्यार्थी होतो, शिधापत्रिकाधारक होतो आणि त्याला सांगितले जाते की तुमच्या गावाची लोकसंख्या निकषात बसत नाही.

शाळांचेही तेच. वीसपेक्षा कमी पटाच्या चौदा हजारांहून जास्त शाळा राज्यात आहेत, त्या जवळच्या मोठ्या शाळेत मिळवून समूह शाळा करायची कल्पना २०२३ पासून फिरते आहे. पुण्याजवळ ती कदाचित चालेल. दोन गावांमध्ये नाला असेल तर समूह शाळा म्हणजे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत सुट्टी.

आता थोडे अवघड बोलतो. आजवर भामरागड, एटापल्लीला जे काही जास्तीचे मिळाले, ते बहुतांशी नक्षलवादाच्या नावाने मिळाले. कर्मचाऱ्यांना ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी मिळते, ती आदिवासी आणि नक्षलग्रस्त क्षेत्र म्हणून. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाटीला पाचशे वस्तीचे गाव लागते, अनुसूचित क्षेत्रात अडीचशेचे, आणि शंभर वस्तीच्या गावालाही रस्ता मिळू शकतो, पण तो नक्षलप्रभावित भागात. जातीचा दाखला, आधार, योजनांचे अर्ज यांसाठी लोक पोलीस ठाण्यातल्या 'दादालोरा खिडकी'वर जातात, कारण कितीतरी ठिकाणी सरकारचे वर्षभर उघडे राहणारे एकमेव दार तेच आहे. पोलिसांनी हे काम मनापासून केले. तरी दाखला देणे हे तहसीलचे काम, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे.

१ जानेवारी २०२५ ला आपण गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी रस्त्याचे लोकार्पण केले आणि अहेरी-गर्देवाडा एसटीत स्वतः बसलात. स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षे झाल्यावर त्या वाटेला लाल डबा दिसला. त्याच वर्षी ऑक्टोबरात नक्षल नेता भूपती साठ साथीदारांसह आपल्यासमोर शस्त्रे ठेवून गेला. नक्षलवाद संपवण्यासाठी केंद्राने ३१ मार्च २०२६ ही तारीख दिली. या साऱ्याचा आनंद मला आपल्याइतकाच आहे, कारण बंदुकांच्या दोन्ही बाजूंनी मेले ते बहुतेक याच जंगलातले. पण लेखा विभागाच्या माणसाला आनंदाच्या बातमीतही पुढचे पान दिसते. जिल्हा नक्षलग्रस्त यादीतून उतरला की त्या नावाने येणारा सुरक्षा-खर्चाचा आणि विशेष सहाय्याचा पैसा आटणार. मग शंभर वस्तीच्या गावाला रस्ता कोणत्या कलमाखाली? माडिया गोंडांसाठी 'जनमन' योजनेत शंभराचाच निकष आहे खरा, पण ती २०२३-२४ ते २०२५-२६ अशा तीन वर्षांच्या मुदतीने आलेली योजना. बंदूक गेली, नदी तिथेच आहे. ज्या गावाने शांतता निवडली त्याला शांततेच्या बदल्यात निकषाबाहेर काढले, असा हिशेब लागू नये, एवढेच म्हणायचे आहे.

यावर उत्तर येते की आता खनिज आहे, गडचिरोली पोलादाचे केंद्र होणार, पैशाला तोटा नाही. वरोऱ्याच्या माणसाला हे ऐकताना थोडे हसू येते. आमच्याकडे १८७१ मध्ये कोळशाची सरकारी खाण सुरू झाली आणि त्याच दशकात कोळशासाठी रेल्वे वरोऱ्यापर्यंत आली. १९०६ मध्ये खाण बंद पडली. रेल्वे राहिली, म्हणून आम्ही वाचलो. पण रूळ आमच्यासाठी टाकलेला नव्हता, हे कोणी विसरू नये. सुरजागडच्या लोहखनिजासाठी जड वाहनांचा रस्ता होईल, झालाही आहे. खनिज प्रतिष्ठानचा निधी खाणबाधित क्षेत्रासाठी असतो, आणि पर्लकोटेपलीकडची गावे खाणीने बाधित नाहीत, नदीने बाधित आहेत. त्यांच्यासाठी कोणतेही प्रतिष्ठान नाही.

बाहेर काय करतात, तेही थोडे सांगतो. स्कॉटलंडला वस्ती असलेली ९३ बेटे आहेत आणि २०११ च्या मोजणीत त्यांवर सगळे मिळून लाखभर लोक होते. तिथे २००८ पासून बोटीचे भाडे रस्त्याच्या हिशेबाने लावायला सुरुवात झाली. तेवढेच अंतर रस्त्याने गेले असते तर जितका खर्च आला असता, तेवढेच भाडे बेटावरच्या माणसाने द्यायचे आणि वरचा बोजा सरकारने उचलायचा. २०१८ मध्ये त्यांनी बेटांसाठी कायदा केला. सरकारने नवे धोरण आणले आणि त्याचा परिणाम बेटावर वेगळा होणार असेल, तर तो आधी तपासून लिहून ठेवणे बंधनकारक झाले. जपानने दूरच्या बेटांसाठीचा कायदा १९५३ मध्येच केला, युद्धाच्या होरपळीतून सावरत असताना. आणि फार लांब कशाला, मुंबईच्या पुढ्यातल्या घारापुरीला समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून २०१८ च्या फेब्रुवारीत वीज दिली गेली, ती आपल्याच पहिल्या कारकिर्दीत. राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर मिळून वस्ती ती किती! दर डोई खर्च काढत बसले असते तर घारापुरी आजही जनरेटरवर असती. तेव्हा कोणीतरी ठरवले की हे गाव महाराष्ट्रात आहे, म्हणून इथे वीज जाईल. निकष तेवढाच होता.

स्कॉटलंडसारखी तपासणी आपल्याकडे असती तर रेशनचे यंत्र कसे आले असते? नदीपलीकडच्या एका गावात मी ते पाहिले आहे. गावात नेटवर्क नाही. दुकानदार ई-पॉस यंत्र पिशवीत घालून टेकडीवर चढतो, मागून कार्डधारक. वर एका मोहाच्या झाडाखाली एक खडक आहे, त्यावर यंत्र ठेवले की दोन कांड्या दिसतात, हातभर बाजूला सरकवले की जातात. म्हातारीचा अंगठा उमटत नाही. तेंदूची पाने खुडून, सरपण वाहून बोटांच्या रेषा कधीच झिजल्या. नातू तिचे बोट लुगड्याच्या पदराला पुसतो, पुन्हा ठेवतो. यंत्र पुन्हा नाही म्हणते. मग दुसरे बोट, मग दुसरा हात. शेवटी कुठले तरी बोट लागते, पावती निघते आणि सगळी मंडळी धान्य घ्यायला परत खाली उतरतात, कारण पोती खाली आहेत. दुकानदार आणि म्हातारी यांच्यात एकही शब्द रागाचा झाला नाही. अंगठ्याशिवाय धान्य नाही, हा नियम ज्या खोलीत ठरला तिथे पाचही कांड्या असणार. दुर्गम गावांना पावसाळ्याचे धान्य आधीच पोचवायची पद्धत नवसंजीवनी योजनेत कितीतरी वर्षांपासून आहे. सरकारला नदी कळत नाही असे नाही. एका खात्याला कळलेली नदी दुसऱ्या खात्याला कळत नाही.

माहेरघराची कल्पनाही अशीच शहाणी आहे. दिवस भरत आलेल्या बाईने आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचे. पण नेमके रोवणीचे दिवस, घरी आणखी दोन लेकरे, शेळ्या, सासू थकलेली. ती येत नाही, आणि आपण अहवालात लिहितो, 'लाभार्थींमध्ये जनजागृतीचा अभाव.' जनजागृती तिच्याकडे भरपूर आहे, घर सांभाळायला माणूस नाही. तिच्या घरच्या माणसाला मजुरी आणि सोबत येणाऱ्या लेकरांना जेवण मिळाले तर माहेरघर भरेल. बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतच दाखवून दिले की गावातल्याच बाईला शिकवले तर नवजात बाळ घरी वाचते, आणि ती पद्धत पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांकडे गेली. ज्या जिल्ह्याने देशाला हे दिले, तिथल्या आशाताईला पुरात पलीकडे जायला डोंगा सापडत नाही.

पैशाच्या वेळेबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आमच्या टेबलावरची आहे. वर्ष एप्रिलला सुरू होते. नियतव्यय, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश, एवढे होईस्तोवर मृग लागतो. मग ऑक्टोबरपर्यंत त्या बाजूला खडीचा ट्रक जात नाही. नोव्हेंबरात वाट ओली, डिसेंबरात काम सुरू, आणि फेब्रुवारीपासून 'मार्च एंड'चे फोन. जिल्हा परिषदेला नियोजनचा निधी खर्चायला दोन वर्षे मिळतात, हे मी जाणतो. पण त्या दोन वर्षांत दोन पावसाळे जातात आणि मध्ये एखादी आचारसंहिता हमखास लागते. उरलेला पैसा समर्पित होतो आणि पुढच्या बैठकीत विचारले जाते, 'या तालुक्याला निधी देऊन उपयोग काय, खर्चच होत नाही!' हे वाक्य मी इतक्या साहेबांच्या तोंडून ऐकले आहे की त्याचा स्वतंत्र शिक्का करून ठेवायला हरकत नव्हती.

माझी मागणी मोठी नाही. पावसाळ्यात गडचिरोलीचा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष बंद रस्त्यांची यादी काढतो. कोणता मार्ग, कोणत्या नाल्यामुळे बंद, सगळे त्यात असते. यादी व्हॉट्सअपवर फिरते आणि संध्याकाळी पुसली जाते. या याद्या जमा करा आणि बेरीज करा. कोणते गाव वर्षात किती दिवस तुटले, हा आकडा त्या बेरजेतून आपोआप निघेल. नवे सर्वेक्षण नको, सल्लागार कंपनी नको, एक लिपिक आणि एक संगणक पुरे. तो आकडा जिल्हा वार्षिक योजनेत निकष म्हणून घाला. ठरावीक दिवसांपेक्षा जास्त तुटणाऱ्या गावाला लोकसंख्येची अट नको, मग रस्ता असो, उपकेंद्र असो की शिक्षकाचे पद. नक्षलग्रस्त हा शब्द जिथे जिथे शासन निर्णयात सवलतीसाठी वापरला आहे, तिथे तो निघण्याआधी हा आकडा बसवा. एकस्तर त्याच आकड्यावर द्या, म्हणजे मुख्यालयी राहणाऱ्यालाच ती मिळेल आणि आलापल्लीहून ये-जा करणाऱ्याला नाही. अशा गावांच्या कामांचा निधी तीन वर्षे अव्यपगत ठेवा. आणि पेसाचा पाच टक्के अबंध निधी जसा २०१५ पासून ग्रामपंचायतीला थेट जातो, तसा पावसाळ्यापूर्वीचा एक छोटा निधी ग्रामसभेच्या हाती द्या. डोंगा दुरुस्त करायचा की रपट्यावर दगड टाकायचे, हे गावचा गायता आणि गावकरी तांत्रिक मान्यतेवाचून ठरवू शकतात. याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून आपला बांबू आपण विकून दाखवला आणि त्याचे हिशेबही चोख ठेवले. गावाला हिशेब येत नाही, असे म्हणायची सोय तेव्हापासून उरलेली नाही.

गडचिरोली हा राज्याचा शेवटचा नव्हे, पहिला जिल्हा, असे आपण म्हणता. तर मे महिन्यात मान्सूनपूर्व आढाव्याची बैठक असते. त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर गेल्या पाच पावसाळ्यांच्या बंद रस्त्यांची बेरीज तालुकावार मांडायला जिल्हाधिकाऱ्यांना सांगावे. बेरीज जुळवायला माणूस कमी पडला तर मला कळवावे. जेवणाखाण्याची सोय मी हेमलकशाला माझी मी करीन, फक्त पुलावर पाणी चढायच्या आत बोलावा.

कळावे,

आपला विश्वासू,
जिल्हा परिषदेचा एक निवृत्त लेखा कर्मचारी
वरोरा, जि. चंद्रपूर